उत्तरेकडे वळलेली छत्री

आमच्या घरगाड्यांच्या तळावर नवी गाडी आली की तासाभरात नवराबायकोचं भांडण ऐकू यायचं, आणि ते नेहमी एकाच विषयावर असायचं. नवरा टपावर चढलेला, बायको आत टीव्हीसमोर. नवऱ्यानं टपावरची डिशची छत्री हातानं इंच इंच फिरवायची आणि बायकोनं पडद्यावर दिसणारा सिग्नलचा आकडा ओरडून सांगायचा.

"चाळीस."

"आता?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे किती?"

मोठमोठे संसार त्या प्रश्नावर येऊन अडकत. आम्ही बाकीचे खुर्च्या ओढून ऐकत बसायचो. ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा छान असतो, पण करमणूक कमी असते. हल्ली बहुतेकांकडे बटण दाबलं की आपोआप उपग्रह शोधणाऱ्या छत्र्या आल्यात. त्यामुळे भांडणं थांबली. आमची कॅनडाची शेजारीण डोरीन म्हणायची की आता घटस्फोट वाढतील, लोकांना बोलायला विषयच उरला नाही.

माझ्याकडे छत्री नव्हती, टीव्ही नव्हता आणि भांडायला कोणी नव्हतं. मी एमेट, वय सव्वीस, एका प्लंबरकडून घेतलेल्या जुन्या व्हॅनमध्ये राहायचो. त्याआधी मी शुभेच्छापत्रं छापणाऱ्या कंपनीत होतो. माझ्याकडे 'दुःखद निधन' हा विभाग होता. कंपनीनं मला काढलं तेव्हा सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड दिलं. आतला मजकूर माझाच होता.

तळावर माझ्या शेजारी मिस व्हर्लीन यांची घरगाडी उभी असे. लांबलचक, तपकिरी पट्ट्याची, वीसेक वर्षांची. मिस व्हर्लीन नेब्रास्काच्या; लग्न झालेलं असूनही तळावर सगळे त्यांना मिसच म्हणत. दर हिवाळ्यात नवऱ्याबरोबर यायच्या, त्या वर्षी एकट्या आल्या होत्या. नवरा हार्लन ऑक्टोबरमध्ये गेला. मला त्यांच्यापाशी या बाबतीत एक वाक्य धड बोलता आलं नव्हतं. मी 'दुःखद निधन'मध्ये तीन वर्षं काढलेला माणूस, आणि मी त्यांना म्हणालो होतो, "यंदा वारा कमी आहे."

"आहे खरा," त्या म्हणाल्या होत्या, आणि रात्री मला जेवायला बोलावलं होतं. तेव्हापासून रोज माझं ताट त्यांच्याकडे असायचं.

हार्लनला मी एकच हिवाळा पाहिलं. तळावर कुणाचीही गाडी आली की तो हातातलं काम टाकून धावायचा. एवढी लांब गाडी मागं घेऊन जागेवर लावताना चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही. म्हणून कुणीतरी मागं उभं राहून, गाडीकडे तोंड करून, हातांनी इशारे देत उलटं चालत यावं लागतं. ये, ये, अजून ये, डावीकडे घे. तळावरची निम्मी माणसं हार्लननं अशी जागेवर आणून लावली होती. त्याचा डावा खुबा कामातून गेलेला होता, पण उलटा चालताना तो अजिबात लंगडायचा नाही. सरळ चालताना लंगडायचा.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मिस व्हर्लीन माझ्या व्हॅनच्या दारात उभ्या राहिल्या.

"पोरा, उंचीची भीती वाटते का तुला?"

"वाटते."

"टपावर चढशील?"

"चढेन."

त्यांचा मुलगा कर्टिस रविवारी येणार होता. आई एकटी ही गाडी सांभाळू शकते की नाही, हे बघायला. नाही जमत असं दिसलं तर गाडी विकायची आणि आईला ओमाहाला न्यायचं. तिथल्या वृद्धांच्या निवासात खोली बघून ठेवली होती.

"खोलीला खिडकी आहे म्हणतो," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "पार्किंगवर उघडते. तिथे सगळ्या गाड्या उभ्याच असतात, कोणी कुठं जात नाही."

"मग त्याला काय दाखवायचं?"

"टीव्ही. हार्लन असताना आमचा टीव्ही कधी बंद नसायचा. टीव्ही चालू दिसला की कर्टिसचा निम्मा राग जाईल. लहानपणापासून तसाच आहे."

त्यांची छत्री जुनी होती. आत छतात एक हँडल, ते फिरवलं की टपावर आडवी पडलेली छत्री उभी राही. तो भाग ठीक होता. पण डावीउजवीकडे फिरवायचं चाक झिजलेलं होतं. म्हणून टपावर एक माणूस आणि आत एक, असं दोघांचं काम होऊन बसलं होतं. हार्लन वर असायचा.

मी होकायंत्र घेऊन वर गेलो. आमच्याकडे टीव्हीचे सगळे उपग्रह दक्षिणेच्या आकाशात असतात, हे पोरासोरांनाही माहीत असतं. मी होकायंत्र टपावरच्या एसीच्या खोक्यावर ठेवलं, काट्यानं दाखवली ती दक्षिण धरली आणि छत्री फिरवायला लागलो.

"शून्य," आतून मिस व्हर्लीन म्हणाल्या.

"आता?"

"शून्यच. हार्लन यावेळी एक शिवी द्यायचा."

"देऊ?"

"बघ, उपयोग होत असला तर."

मी एक साधी शिवी दिली आणि छत्री अजून एक बोटभर सरकवली.

मग त्या म्हणाल्या, "नव्वद."

नव्वद कुणालाच मिळत नाही. नव्या छत्र्यांनासुद्धा नाही. "हलू नकोस," त्या म्हणाल्या. मी छत्री तारेनं बांधली, खाली उतरलो आणि उतरताना माझ्या लक्षात आलं की सूर्य माझ्या पाठीवर आहे. दुपारची वेळ, हिवाळा, सूर्य पाठीवर. म्हणजे मी उत्तरेकडे तोंड करून काम करत होतो. एसीच्या मोटरपाशी होकायंत्र ठेवलं की काटा वाट्टेल ते दाखवतो. ही चूक तळावर दरवर्षी एखादा नवखा करतो आणि वर्षभर ती ऐकत राहतो. शिवाय छत्री पुरती वर उचललेलीही नव्हती. ती आकाशाकडे बघतच नव्हती. ती समोरच्या डोंगरांकडे बघत होती.

"मिस व्हर्लीन, मी ती उलटी लावलीय. परत चढतो."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चित्र स्वच्छ आहे."

चित्र खरोखरच स्वच्छ होतं. गाडीच्या उत्तरेला जी मोकळी जमीन होती तीच पडद्यावर दिसत होती. वाळू, खडी, कोणीतरी पूर्वी हद्दीसाठी मांडलेल्या दगडांची ओळ, त्यापलीकडे कोरडा ओहोळ, दोन सग्वारो निवडुंग, आणि मागं कोफाचे डोंगर. टपावरून दिसावं तसं. आवाज नव्हता. खिडकीबाहेर झुडपं वाऱ्यानं हलली की पडद्यावरचीही हलत.

मी टपावर जाऊन पाहिलं. कॅमेरा नव्हता. मग मी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवले.

"दिसतोय का?" मी ओरडलो.

"नाही," मिस व्हर्लीन आतून म्हणाल्या. "नव्वदच आहे आकडा. तू मात्र नाहीस."

हे मला यापूर्वीही लोकांनी सुचवलं होतं, पण टीव्हीनं पहिल्यांदाच.

पडद्यावर एकच गोष्ट जास्तीची होती. डोंगरांच्या पायथ्याशी, खूप लांब, एक ठिपका. खिडकीतून बघितलं तर तिथं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठिपक्याला पाय दिसू लागले.

तळावर बातमी लपत नाही. दुपारी डोरीन आणि तिचा नवरा गस आले. गस सास्काचेवानमध्ये धान्याची कोठारं बांधायचा. तो टीव्हीसमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"कुठलं चॅनेल आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं आहे. मध्ये जाहिराती नाहीत."

डोरीननं मक्याच्या लाह्या करून आणल्या. बुधवारी आणखी लोक आले. लोक यायचे, थोडा वेळ बसायचे, "किती हळू चालतोय" म्हणायचे आणि जाताना दार नीट लावायचे. कोणी फारसं विचारत नव्हतं. तळावर म्हाताऱ्या माणसांची वस्ती. त्यांनी आयुष्यात न समजलेल्या पुष्कळ गोष्टी पाहिलेल्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच टीव्हीवरच. सूर्य मावळला की चित्रातही अंधार पडायचा, आणि मग आम्ही दोघं जेवायला बसायचो.

"लंगडत नाही जरासुद्धा," मिस व्हर्लीन बुधवारी रात्री म्हणाल्या.

"कोण?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले.

गुरुवारी टोपी दिसली. चौकड्यांचा शर्ट दिसला. शुक्रवारी तो ओहोळाच्या पलीकडच्या काठाशी आला होता, आणि गाडीत आम्ही सातआठ जण होतो. लाह्यांचं भांडं फिरत होतं. गसनं त्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"हा आपल्याकडे येतोय ना?"

"हो की," डोरीन म्हणाली.

"मग याचं तोंड का दिसत नाही?"

एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेना. टोपीची मागची बाजू, शर्टाची पाठ, टाचा आधी पडत होत्या. तो उलटा चालत येत होता. त्याचे दोन्ही हात वर होते आणि पंजे सावकाश स्वतःकडे वळत होते. ये, ये, अजून ये.

"गाडी लावून देतोय," गस म्हणाला.

"कुणाची?" डोरीननं विचारलं.

त्याच्यापुढे मोकळं वाळवंट होतं. पण नीट पाहिलं तर ओहोळापलीकडच्या वाळूत धुळीच्या दोन बारीक रेघा उठत होत्या, चाकांच्या उठतात तशा, आणि तो चालला की त्या पुढं सरकत होत्या.

मी मिस व्हर्लीनकडे बघितलं नाही. बाकीच्यांनीही नाही. सगळे आपापल्या लाह्यांकडे बघत होते.

त्यानंतर जे झालं ते मी अनेकांना सांगून पाहिलं. लोकांना माणूस उलटा चालत येतो हे पटतं, पुढचं पटत नाही. गस उठला, बाहेर गेला आणि फावडं घेऊन त्या मोकळ्या जागेतली खडी सारखी करायला लागला. तळाची रीतच आहे ती. कुणी येत असेल तर जागा करायची. दोघातिघांनी हद्दीचे दगड उचलून बाजूला मांडले. डोरीन आपलं कपडे वाळत घालायचं स्टँड आत घेऊन गेली.

"केवढी असेल?" मी गसला विचारलं.

"तो किती अंतर ठेवून चालतोय बघ ना. मोठीय." त्यानं पायानं खडी दाबून पाहिली. "जमीन भुसभुशीत आहे इथं. त्याला माहीत असायला पाहिजे."

त्या रात्री मिस व्हर्लीन काही खात नव्हत्या.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"वाटते ना. कर्टिस रविवारी सकाळीच येईल. हा तोवर पोचला नाही तर?"

मला वाटलं होतं त्यापेक्षा ही वेगळीच भीती होती. त्या टीव्हीकडे बघत होत्या. पडदा काळा होता. अंधारात तो थांबत असेल की चालत असेल, कळायला मार्ग नव्हता.

"कर्टिस आला की गाडी आवरणार. छत्री खाली घेणार. छत्री खाली गेली की गेलं. परत तीच जागा सापडणार आहे का तुला?"

"मी त्याला सांगतो ना, तुमची तब्येत बरी नाही, दोन दिवस थांब."

"तू खोटं फार वाईट बोलतोस, पोरा. कार्डावर बरं लिहीत असशील."

स्टिअरिंगच्या वर हार्लनच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती, 'छत्री खाली?' एवढीच. छत्री वर ठेवून गाडी हलवली तर पहिल्या फांदीला ती तुटते, म्हणून प्रत्येक गाडीत अशी चिठ्ठी असते. शनिवारी मी पाणी भरून द्यायच्या निमित्तानं आत गेलो आणि छतातलं हँडल ओढून काढून खिशात घातलं. हे मी मिस व्हर्लीनसाठी केलं. त्या गेल्या तर माझं ताट कोण ठेवणार, हाही विचार त्यात होता. किती होता ते मी मोजलं नाही.

कर्टिस रविवारी नऊच्या सुमारास फिनिक्सहून भाड्याच्या गाडीनं आला. मी त्याच्यावर चिडायची तयारी करून ठेवली होती, पण तो चांगला माणूस निघाला. डोळे झोप न झालेले, बूट वाळवंटाच्या दृष्टीनं फारच स्वच्छ. त्यानं आईला मिठी मारली आणि सोडायला जरा उशीर केला.

"आई, तुझं वजन कमी झालंय."

"तुझं वाढलंय. सरासरी तीच आहे."

मग तो टीव्हीकडे वळला. माणूस आता ओहोळाच्या अलीकडे होता. पाठीवर घामाचा डाग दिसत होता.

"हे काय लावलंय?"

"बघतोय आम्ही," मिस व्हर्लीन म्हणाल्या.

"कॅमेरा कुठे बसवलाय?"

मी टपाकडे बोट केलं. तो स्वच्छ बुटांनी शिडी चढला. बराच वेळ वर त्याची पावलं वाजत होती. खाली आला तेव्हा त्याचे गुडघे धुळीनं भरले होते आणि चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

"आपण निघू या," तो म्हणाला. "आत्ताच. सामान नंतर बघू." त्यानं छतात हात घातला. "हँडल कुठाय?"

मिस व्हर्लीननी माझ्याकडे पाहिलं.

"हार्लनकडे असेल," मी म्हणालो.

मला दुसरं काही सुचलं नाही. कर्टिसनं हात खाली घेतला. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आईच्या शेजारी सोफ्यावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, आणि टीव्ही बघायला लागला.

"बाबांची चाल आहे," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"उलटा कधी लंगडला नाही," मिस व्हर्लीन म्हणाल्या.

दुपार झाली. बाहेर तळ जमला होता. खुर्च्या कुणी आणल्या नव्हत्या, सगळे उभे होते. उन्हात सावल्या आखडल्या होत्या. खिडकीतून ती जागा दिसत होती, गसनं सारखी केलेली, कोरी.

पडद्यावर पाठ मोठी होत गेली. शर्टाच्या शिवणी दिसू लागल्या.

तो हद्दीच्या आत आला.

डावा हात बाहेर. थोडं डावीकडे. पुन्हा दोन्ही हात. ये. ये.

मग दोन्ही मुठी वर. थांब.

बाहेर खडी करकरली. गसनं मागं पाऊल घेतलं आणि टोपी काढली. कोऱ्या जागेत खडी चार ठिकाणी खाली बसली होती.

पडद्यावरच्या माणसानं एक बोट गळ्यावरून आडवं फिरवलं. इंजिन बंद कर.

हात खाली घेतले. उभा राहिला. वळला नाही.

मिस व्हर्लीन उठल्या. सकाळपासून ओव्हनमध्ये त्यांनी बटाटे आणि खिमा भाजत ठेवला होता. त्यांनी हातमोजे घातले आणि काचेचं भांडं बाहेर काढलं.

"आई, कुठे निघालीस?"

"लांबून आलेत. आल्या आल्या स्वयंपाक कोण करणार."

"आई. तिथं कोणी नाही."

"तू टीव्ही बघ," त्या म्हणाल्या.

लोकांनी वाट दिली. मी खिडकीपाशी होतो. मिस व्हर्लीन खडीच्या मधोमध गेल्या, थांबल्या, भांडं एका हातावर तोललं. मग उजवा पाय उचलला आणि कशावर तरी ठेवला. मग डावा. त्यांच्या सपाता जमिनीपासून वीतभर वर होत्या. आणखी एक पाऊल.

मग तिथं त्या नव्हत्या.

टीव्हीवर फक्त त्या माणसाची पाठ होती.

कर्टिस बाहेर धावला. तो त्या खडीत इकडून तिकडे फिरत होता, हवेत हात घालत होता, काळोखात दिव्याचं बटण शोधावं तसा. खिडकीतून तो दिसत होता. पडद्यावर जमीन स्वस्थ होती.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मिस व्हर्लीन त्याच जागेतून परत आल्या. हात रिकामे होते, गाल तापलेले, लग्नघरातल्या स्वयंपाकातून बाहेर आल्यासारख्या. कर्टिसचा हात धरून त्याला गाडीत घेऊन आल्या.

"गर्दी आहे आत," त्या म्हणाल्या. "पण सरकून घेतील."

"कोण आहे?" कर्टिसनं विचारलं. लहान मुलासारखा.

"आहेत ओळखीचे बरेच. तू माझी काळजी करू नकोस आता. मला गाडी मिळाली."

"ओमाहाची खोली—"

"तू राहा थोडे दिवस. दमलायस तू."

त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला. मग आत जाऊन उशी घेतली. औषधांचा डबा उशाशीच होता, वारांचे कप्पे असलेला. तो त्यांनी जरा भिंतीकडे सरकवला, उशी नीट निघावी म्हणून, आणि तिथंच ठेवला.

दारात त्या माझ्यापाशी थांबल्या.

"येतोस? एक जागा आहे म्हणतो."

माझ्या तोंडात तीन वर्षांचे सगळे मजकूर होते. मी म्हणालो, "गॅसवर राजमा ठेवलाय."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग नंतर कधी."

मी काहीही गॅसवर ठेवलेलं नव्हतं.

त्या पुन्हा खडीतल्या न दिसणाऱ्या पायऱ्या चढून गेल्या. पडद्यावरचा माणूस पुढे निघाला, आमच्याकडे पाठ तशीच ठेवून. या वेळी लंगडत. काही पावलांनंतर तो उरला नाही. धुळीच्या दोन रेघा ओहोळाकडे, मग डोंगरांकडे लांबत गेल्या. मग पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली, सिग्नल शोधत आहे.

कर्टिस सोफ्यावर बसून ती अक्षरं बघत होता. मी खिशातून हँडल काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं. कुठं सापडलं, हे विचारलं नाही.

पुढचा आठवडा शेरीफची माणसं तळावर होती. हेलिकॉप्टर डोंगरांवरून फिरलं. कुत्री आणली होती. त्यांना मिस व्हर्लीनची चादर हुंगायला दिली. सगळी कुत्री त्या मोकळ्या जागेपर्यंत धावत गेली आणि तिथं ओळीनं बसली, बसची वाट बघत बसावं तशी. आम्ही सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. शेरीफच्या माणसानं आमचं सरासरी वय विचारलं आणि वही मिटली.

कर्टिसनं गाडी नेली. छत्री आम्ही दोघांनी मिळून उतरवली, तो आत, मी टपावर.

"बसली का?" तो आतून म्हणाला.

"बसली."

नंतर मला त्याचं एक कार्ड आलं. छापील होतं. आतला मजकूर माझा नव्हता, बराच चांगला होता.

मार्च संपला तसा उन्हाळा चढला आणि तळ रिकामा व्हायला लागला. दर सकाळी एखादी जागा मोकळी दिसायची, खाली चौकोनी फिकट जमीन. गस आणि डोरीन सगळ्यांत शेवटी गेले.

"तू नको थांबूस," डोरीन म्हणाली. "इथं जूनमध्ये पाखरंसुद्धा चालत जातात."

"आठ दिवसांत निघतो."

"कुठे जाणार?"

"बघू."

गस गाडीत बसता बसता उत्तरेच्या त्या खडीकडे बघून म्हणाला, "जमीन भुसभुशीतच आहे बाबा," आणि ते गेले.

मी थांबलो. कुठं जायचं ते ठरत नव्हतं, आणि न ठरवता जायला पेट्रोल लागतं. मी दिवसभर व्हॅनच्या सावलीत बसायचो. सावली फिरली की मीही फिरायचो. एकदा राजमा करून पाहिला. तो एका माणसाला फार होतो. उरलेला दोन दिवस खाल्ला. बोलायला कोणी नसलं की आवाज जड होतो, म्हणून संध्याकाळी मी मोठ्यानं एखादी शिवी देऊन बघायचो. नजर जाईल तिथपर्यंत एकही गाडी नव्हती.

एप्रिलच्या शेवटी सरकारी जमीनखात्याचा माणूस पिकअपमधून आला. पोट सुटलेला, प्रौढ, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं माझा परवाना पाहिला.

"मुदत संपलीय तुमची."

"उद्या निघतो."

"सगळे हेच म्हणतात." त्यानं परवाना परत दिला. "आणि एक सांगू का? एवढं रान मोकळं पडलंय. तुम्हा लोकांना एकमेकांना इतकं चिकटून कशाला राहायचं असतं?"

मी चहूकडे बघितलं, माझी व्हॅन आणि त्याचा पिकअप सोडून एकही गाडी नव्हती.

"आग लागली तर माणूस बाहेर कसा पडणार," तो म्हणाला. "मागचा नंबर बघून घेतो."

तो माझ्या व्हॅनला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला गेला. तिकडे डोंगरांपर्यंत नुसती वाळू होती. तो जरा थबकला, टोपी काढून छातीशी धरली, पोट आत ओढलं, आणि व्हॅनच्या पत्र्याला पाठ घासत, एकेक पाऊल आडवं टाकत, अंग चोरून पलीकडे गेला.